लाल भोपळ्याचा गिचका का होतो? या चुका टाळा

लाल भोपळ्याला नावं ठेवणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्याचा गिचकाच खाल्लेला असतो. 100 ग्रॅम भोपळ्यात 90 ग्रॅमच्या वर पाणीच असतं, तरी आपण फोडणीत वाटीभर पाणी ओततो. त्यातून कुकर लावला तर विचारायलाच नको.

साल काढून बारीक फोडी करणं ही पहिली चूक. साल फोडीला धरून ठेवते आणि शिजल्यावर मऊही होते. फारच जून, टणक असेल तरच काढा. फोडी दीड इंचाच्या हव्यात. कढईत मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मिरचीची फोडणी करून फोडी तीन-चार मिनिटं नुसत्या परता. मग पाणी कढईत न घालता झाकणीच्या ताटलीत घाला आणि मंद आचेवर दहा मिनिटं वाफ येऊ द्या. तळाला लागतंय असं वाटलं तर एक हबका मारा, बस्स. सतत डाव फिरवू नका, कढई उचलून हलवा.

उलटी तक्रारही येते: वीस मिनिटं झाली तरी फोडी कच्च्याच! तेव्हा बहुधा गूळ आणि चिंच (किंवा आमसूल) आधीच पडलेली असते. आंबट आणि गोड, दोन्हींमुळे फोड मऊ व्हायला वेळ लागतो. ती पूर्ण शिजल्यावरच या दोन्ही गोष्टी घाला.

भाजी कडू लागली की दोष भोपळ्याला जातो, पण जळतात ते मेथीदाणे. ते तांबूस झाले की लगेच फोडी घाला. मात्र कच्ची फोडच जिभेला कडू लागली तर तो भोपळा सरळ टाकून द्या. तो कडवटपणा शिजवून जात नाही आणि पोट बिघडवतो.

पाणी सुटलंच, तर झाकण काढून मोठ्या आचेवर आटवा आणि दोन चमचे दाण्याचा कूट घाला. अगदीच लगदा झाला असेल तर त्यात भाजणी मळून थालीपिठं लावा. कुणाला कळतही नाही.

वऱ्हाडी बाकरभाजी (खसखस-खोबऱ्याचं वाटण लावलेली लाल भोपळ्याची भाजी) वाचून करणाऱ्यांसाठी एक सूचना. विदर्भात लाल भोपळ्यालाच कोहळं म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मंडईत कोहळा मागाल तर पेठ्याचा पांढरा कोहळा पदरात पडेल आणि खसखस-खोबरं फुकट जाईल.

अख्खा भोपळा देठासकट कोरड्या, हवेशीर जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. चिरलेला मात्र आतून बिघडतो, कारण बुरशी आधी बियांभोवतीच्या मऊ तंतूंना धरते. ते खरवडून काढा आणि फोड फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा.

आता घारगे. इथे सगळा घोळ पिठाच्या मापाचा. एक वाटी कीस, पाऊण वाटी गूळ, ‘मावेल तेवढी कणीक’ असं आजी सांगायची, आणि मी कीस गरम असतानाच कणीक घालायचे. गरम मिश्रण पातळ दिसतं, म्हणून मावते त्याच्या दीडपट कणीक जायची आणि घारगे खापरासारखे कडक. कीस थोड्या तुपावर वाफवा, गूळ विरघळला की आच बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. मगच चमचाभर तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, गरम तेलाचं मोहन आणि कणीक. पीठ घट्ट मळा, कारण मुरल्यावर ते सैल पडतं. अर्ध्या तासाहून जास्त ठेवलंत तर थापताना हाताला चिकटेल. तळायला मध्यम आच. तेल फार तापलं की गुळामुळे घारगा क्षणात काळपट होतो आणि आत कच्चा राहतो. पहिला एक तळून मोडून बघा, मग बाकीचे सोडा.