ट्रेलरवरची बोट धरणात उतरवताय? जागा निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे सप्टेंबरात पाहून ठेवलेला रॅम्प (बोट उतरवायचा काँक्रीटचा उतार) एप्रिलमध्येही चालेल असं धरून चालणं. जायकवाडी धरण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. पण त्याचा जलाशय, नाथसागर, पसरट आहे. काठाचा उतार शंभराला एक असेल, तर पाणी एक मीटर उतरलं की काठ शंभर मीटर आत सरकतो. काँक्रीट तिथवर कुठून असणार? पुढे असतो काळा गाळ, वरून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. माणूस चालतो म्हणून ट्रॅक्टर जाईल असं समजू नका. टाच दाबून बघा. ओल वर आली की माघारी फिरा.

काँक्रीट पाण्याखाली कुठं संपतं ते बांबूनं चाचपून काठावर खूण करा. ट्रेलरचं चाक त्या कडेवरून घसरलंच, तर ट्रॅक्टरनं ओढाओढ नको, एक्सल वाकतो. आधी पट्टे सोडून बोट तरंगवून बाजूला घ्या, मग रिकामा ट्रेलर उचलून चाकाखाली फळी सारा.

उतार नजरेनं ठरवू नका. मीटरभर पट्टी लेव्हलमध्ये धरली की खालच्या टोकाशी १२ ते १५ सेंटिमीटर फट हवी. कमी असेल तर बोट तरंगेपर्यंत गाडीचा सायलेन्सर पाण्यात जातो. जास्त असेल तर वर येताना चाकं जागीच फिरतात, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारची तर हमखास, कारण भार मागे जातो. अशा वेळी रेस वाढवू नका. मागे ठोकळे लावा, चाकापुढं मुरूम टाका. शेवाळ असेल तर आधी खरवडून काढा.

पैठण-नांदेडचे पायऱ्यांचे घाट स्नानासाठी आहेत, ट्रेलरसाठी नाहीत. धरणाखालच्या पात्रात तर विसर्गाचा इशारा असताना गाडी नेऊच नका.

पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींचे खुंट दिसू लागतात. दिसतात त्यांची भीती नाही. वीतभर पाण्याखाली राहिलेले बोटीचा पंखा मोडतात. जाळं टाकणाऱ्या एखाद्या भोईदादाला विचारा, "मामा, इथून पुढं खुंट हायेत का?" तो हातानं वाट दाखवतो, तीच धरा.

जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे वन विभाग आणि जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी ट्रेलर जोडण्याआधीच करा.