कोळंबीच्या टरफलांपासून तांबं टिपणारे मणी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर कोळंबीची टरफलं ढिगाने मिळतात. त्यांतल्या कायटिनचं (टरफलाचा सांगाडा बनवणारा तंतुमय पदार्थ) कॉस्टिक सोड्याने कायटोसन केलं की पाण्यातलं तांबं, शिसं धरून ठेवणारे अमाइन गट (नायट्रोजन असलेले रेणूचे भाग) मोकळे होतात. इथलं प्रमाण 100 ग्रॅम वाळलेल्या टरफलांचं आहे. काम प्रयोगशाळेतच, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून करा.

टरफलं ताजी असतानाच उकळा, चिकटलेलं मांस काढा, कडकडीत वाळवून भरड करा. 35 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल 130 मिली घेऊन पाण्यात ओता आणि एकूण दीड लिटर करा. आम्लात पाणी कधीही ओतू नका. भरड मूठमूठ टाका. फेस भसकन वर येतो, म्हणून प्लास्टिकची बादली पाच लिटरची हवी. दोन तासांनी धुवून ताज्या आम्लाचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना शिल्लक आहे, आम्ल बदला.

मग 1 लिटर पाण्यात 40 ग्रॅम कॉस्टिक सोडा, 70 अंश, दोन तास. प्रथिनं सुटून पाणी तपकिरी होतं. धुवून वाळवल्यावर साधारण 20 ग्रॅम कायटिन उरतं. ते 200 मिली पाण्यात विरघळवलेल्या 200 ग्रॅम कॉस्टिकमध्ये 100 अंशांवर तीन तास ठेवा. भांडं स्टीलचं घ्या; ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सुटतो. पुन्हा भरपूर धुवा, वाळवा.

यातलं 2 ग्रॅम कायटोसन, 4 टक्क्यांचा पांढरा व्हिनेगर 50 मिली आणि पाणी 50 मिली यांत रात्रभर ढवळा. तुकडे तसेच राहिले तर कॉस्टिकची पायरी अपुरी झाली. मधासारखं द्रावण कापडातून गाळून सिरिंजने थेंब थेंब 4 टक्के कॉस्टिकमध्ये सोडा. पांढरे मणी तयार होतात.

आता धुणं, आणि सगळ्यात जास्त प्रयोग इथेच फसतात. पीएच पट्टी 7 दाखवेपर्यंत पाणी बदलत राहा. मण्यांत कॉस्टिक उरलं तर तांबं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी फिकट निळा गाळ बसतो, वरचं पाणी नितळ दिसतं आणि मण्यांनीच काम केलं असं वाटतं.

चाचणीसाठी 1 लिटर पाण्यात 0.4 ग्रॅम मोरचूद घाला. त्यात सुमारे 100 मिलिग्रॅम तांबं येतं. पीएच 5 ते 5.5 ठेवा, सगळे मणी टाकून सहा तास हलवा. एक मणी कापून पाहा: निळा रंग कडेकडून आत सरकलेला असतो, घाई केली असेल तर गाभा पांढराच सापडतो. उरलेल्या पाण्यात अमोनिया टाकल्यावर गडद निळं झालं, तर तांबं अजून आहे. थोडं तांबं मात्र या चाचणीत दिसत नाही.

पीएच 4 च्या खाली मणी विरघळू लागतात. कायटोसनच्या साखळ्या ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने एकमेकींना जोडून घेतल्या तर मणी टिकतात. मण्यांनी साफ केलेलं पाणी पिऊ नका: शिशाची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे आणि ती प्रयोगशाळेतच मोजता येते. निळे झालेले मणी मातीत किंवा कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा म्हणून वेगळे साठवा.