जुनं साउंड कार्ड, नवी विंडोज: या चुका टाळा

खानापूरकडचे एक मामा गेल्या पावसाळ्यात गावच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी पिशवीत घालून बेळगावात आले. कॉम्प्युटरवर उतरवून हव्या होत्या. लॅपटॉपला निळं लाइन-इन, म्हणजे टेपचा आवाज आत घेणारा जॅक, नसतं, म्हणून माळ्यावरचं क्रिएटिव्ह कंपनीचं जुनं साउंड कार्ड, साउंड ब्लास्टर लाइव्ह, काढून डेस्कटॉपच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसवलं. तीन रात्री त्यातच गेल्या. मामांचा रोज फोन, "आलं काय रे आवाज?"

आधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड दिसतंच ना, ते बघा. माझं दिसेना, आणि मी मात्र ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसलो. आमच्या दमट हवेनं कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडल्या होत्या. साध्या खोडरबरनं घासल्या, चुरा झटकला, लगेच दिसलं.

मग जुनी सीडी घातली. ही दुसरी चूक. १९९८ च्या कार्डाच्या सीडीवरचा ड्रायव्हर ३२ बिटचा. ६४ बिट विंडोजवर तो चालतच नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. कम्पॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजचं सोंग) लावून सेटअपला टोपी घालता येते, कर्नलला, म्हणजे विंडोजच्या गाभ्याला, नाही.

डब्यावरच्या नावावरही जाऊ नका. मूळ लाइव्हची चिप ईएमयू१०के१, तर 'लाइव्ह २४ बिट'ची सीए०१०६. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला लागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघा. ११०२ म्हणजे क्रिएटिव्ह. पुढे ०००२ असेल तर मूळ लाइव्ह, ०००७ असेल तर 'लाइव्ह २४ बिट'.

६४ बिट ड्रायव्हर मिळाला तरी कोड ५२ आला, की त्याची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही असं समजा. स्टार्टअप सेटिंग्जमधला ७ नंबरचा पर्याय ती तपासणी बंद करतो, पण पुढच्या रीस्टार्टपर्यंतच. पावसात आमच्याकडे लाइट जायला वेळ लागत नाही. मशीन परत चालू केलं की कार्ड मुकं. मेमरी इंटिग्रिटी, म्हणजे कर्नलला घातक कोडपासून जपणारी विंडोजची सोय, कायमची बंद ठेवा असंही कुणी सांगेल. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, तिथं मी तरी ते करणार नाही.

शेवटी विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. अल्सा, म्हणजे लिनक्सची आवाजाची यंत्रणा, २००३ च्या २.६ आवृत्तीपासून त्याच्या कर्नलमध्येच आहे, त्यामुळे या चिपचा ड्रायव्हर वेगळा घालावा लागला नाही. तरी आवाज नाही! अल्सामिक्सर (अल्साचे आवाजाचे खांब दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून 'अ‍ॅनालॉग/डिजिटल आउटपुट जॅक' या खांबावर एम दाबलं, तो म्यूट झाला आणि स्पीकर बोलायला लागले. हा खांब चालू असला की जॅकमधून डिजिटल सिग्नल जातो. रेकॉर्डिंगसाठी एफ४ दाबून 'लाइन'वर या आणि स्पेस दाबा. खाली 'कॅप्चर' उमटलं पाहिजे.

रेकॉर्डिंगची लेव्हल मी सुरुवातीच्या संथ अभंगावर लावली होती. गजर आला, टाळ एकदम वाजले आणि सगळा आवाज फाटला. मामा शेजारीच बसलेले. म्हणाले, "आधी गजर लावून बघायचास की रे."