‘लहान कोन’ म्हणजे नेमका किती लहान? गणित आणि फिजिक्स एकत्र शिकताना

पदवीच्या पहिल्या वर्षी लंबकाच्या आवर्तकालाचं (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळाचं) डेरिव्हेशन मी परीक्षेत लिहिलं आणि पूर्ण मार्क मिळवले. त्यात मध्ये एक ओळ होती: ‘कोन लहान असल्यास साइन थीटाच्या जागी थीटा घेता येतो.’ (थीटा म्हणजे लंबक उभ्या रेषेपासून जेवढा कलला तो कोन.) ती ओळ मी पाठ केली होती. तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलच्या वेळी पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं मला विचारलं, “ताई, लहान म्हणजे किती? पाच अंश की पन्नास?” मला उत्तर देता आलं नाही.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन बसले. आज अभ्यास करण्याची माझी जी पद्धत आहे ती त्या एका प्रश्नातून घडत गेली, म्हणून तोच प्रश्न धरून सांगते.

सुरुवात पेन्सिलीपासून. पुस्तक वाचताना काही ठराविक शब्दांभोवती गोल करा: ‘लहान मानल्यास’, ‘स्पष्टच आहे की’, ‘दुर्लक्ष करता येईल’, ‘असे दाखवता येते’, ‘सममितीमुळे’. अशा जागी लेखकानं दोन-चार पायऱ्या गाळलेल्या असतात आणि त्या आपण भराव्यात अशी त्याची अपेक्षा असते. वाचताना डोळा तिथूनच सर्वांत वेगानं सरकतो. सगळे गोल भरायला वेळ कुणालाच पुरत नाही. मी एका प्रकरणातले दोन किंवा तीन निवडते, पण निवडलेला तडीस नेते.

लंबकाचा गोल असा भरला. आधी नुसते आकडे. १० अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, आणि १० अंशांचा साइन ०.१७३६. फरक जेमतेम अर्धा टक्का. ३० अंशांना ०.५२३६ आणि ०.५, म्हणजे फरक ४.७ टक्के. ६० अंशांना तो जवळजवळ २१ टक्के होतो. (हे सगळं रेडियनमध्येच खरं आहे. अंशांत मोजाल तर साइन थीटा आणि थीटा एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. रेडियन का वापरायचे याचं याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.)

मग टेलर सिरीज काढली. साइन थीटा म्हणजे थीटा, वजा थीटाचा घन भागिले ६, आणि पुढच्या पदी आणखी बारीक तुकडे. आपण पहिलं पद ठेवतो आणि बाकीची टाकतो, म्हणजे चूक साधारण टाकलेल्या पहिल्या पदाएवढी. थीटाच्या तुलनेत ती थीटाचा वर्ग भागिले ६ येते. ३० अंशांना हे ०.०४५७, म्हणजे सुमारे ४.६ टक्के. कॅल्क्युलेटरवर आलेल्या ४.७ च्या अगदी शेजारी. तोवर टेलर सिरीज माझ्यासाठी गणिताच्या पेपरातला एक प्रश्न होती. त्या संध्याकाळी तिच्यानं चूक मोजता येते हे मला दिसलं. गणित फिजिक्समध्ये ‘लागतं’ असं आपण ऐकत असतो, पण कुठे आणि कशासाठी लागतं हे असं हातानं करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

इथे थांबू नका. मिळालेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढायचा, ही या पद्धतीतली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. लंबकाला मध्याकडे ओढणारं बल साइन थीटाच्या प्रमाणात असतं, म्हणून ३० अंशांना बलातली चूक ४.७ टक्के आहे. मग आवर्तकालही तेवढाच चुकत असेल? नाही. लंबक ३० अंशांपर्यंत झुलवला तर आवर्तकाल फक्त १.७ टक्क्यांनी वाढतो. हे का, यावर मी दोन दिवस घालवले आणि त्यातला एक तासही वाया गेला असं मला वाटत नाही. कारणं दोन निघाली. एक, आवर्तकालात बलाचा परिणाम वर्गमुळातून येतो, आणि वर्गमूळ घेतलं की लहानशी टक्केवारी निम्मी होते. त्यानं ४.७ चे सुमारे २.३ झाले. दोन, लंबक सतत ३० अंशांवर नसतो. टोकाला गेल्यावरच कोन मोठा असतो. मधल्या प्रवासात तो लहान असतो आणि तिथे चूक जवळजवळ नसतेच. पूर्ण झोक्याची सरासरी घेतली की २.३ चे १.७ होतात. सूत्रात हेच दुरुस्तीचं पद म्हणून येतं: १ अधिक कमाल कोनाचा वर्ग भागिले १६. हे १६ कुठून आले ते आता मला विसरणं शक्य नाही.

शेवटी दोरा आणि नट. दाराच्या चौकटीला एक मीटर लांबीचा दोरा बांधा आणि खालच्या टोकाला नट अडकवा. लांबी गाठीपासून नटच्या मध्यापर्यंत मोजायची. थोडासा झोका देऊन १० फेऱ्यांचा वेळ घ्या, मग ६० अंशांवरून सोडून पुन्हा घ्या. मला पहिल्यांदा २०.१ सेकंद मिळाले, दुसऱ्यांदा २१.२. हिशेबानं ६० अंशांना २१.५ यायला हवे होते. मग हे ०.३ सेकंद कुठे गेले? हवेच्या अडथळ्यानं झोका लहान होत जातो, दहाव्या फेरीपर्यंत तो ६० अंशांचा राहतच नाही. बटण दाबायला हाताला लागणारा वेळही त्यात आहे. म्हणून १ फेरी न मोजता १० मोजायच्या: हाताची चूक दहांत वाटली जाते.

याच प्रश्नानं मला एप्सिलॉन-डेल्टाही, म्हणजे सीमेची (लिमिटची) काटेकोर व्याख्याही, समजावली, आणि हे मला अगदी अनपेक्षित होतं. गणिताच्या तासाला सीमेची ती व्याख्या मी अक्षरशः उतरवून घेतली होती. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा असतो’ यातला ‘प्रत्येक’ आधी का येतो हे कळत नव्हतं. आता असं बघा. तुम्ही म्हणता, साइन थीटाच्या जागी थीटा घेतल्यानं होणारी चूक एक टक्क्याच्या आत हवी. मी म्हणते, १३ अंशांच्या आत राहा. तुम्ही म्हणता, नाही, एक दशांश टक्का. मी म्हणते, मग ४ अंश. तुम्ही कितीही कडक अट घाला, मला कोन देता आला पाहिजे. तुमची अट एप्सिलॉन, माझा कोन डेल्टा. अट आधी येते, म्हणून ‘प्रत्येक’ आधी.

फिजिक्सच्या वर्गात पुष्कळ गोष्टी सिद्धतेशिवाय वापरल्या जातात आणि गणिताच्या वर्गात त्याच गोष्टींना तीन आठवडे लागतात. या दोन्हींत माझी ओढाताण व्हायची. फिजिक्समध्ये आपण काहीतरी लबाडी करतोय असं वाटायचं. फूरिये या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट कळल्यावर ते ओझं उतरलं. उष्णता कशी वाहते यावरचा प्रबंध त्यानं १८०७ मध्ये सादर केला आणि त्यात कोणतंही फलन साइन-कोसाइनच्या बेरजेनं लिहिता येतं असा दावा केला. लाग्रांज या ज्येष्ठ गणितज्ञानं त्यावर आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता, सिद्धता खरोखरच अपुरी होती. फूरियेचा ग्रंथ १८२२ मध्ये आला, आणि ती बेरीज कोणत्या अटींवर खरी उतरते हे डिरिख्ले या जर्मन गणितज्ञानं १८२९ मध्ये नीट सिद्ध केलं. म्हणजे वापर आधी झाला आणि सिद्धता मागून आली, पण ती आल्यावरच पद्धत कुठे चालते आणि कुठे नाही हे कळलं. मी आता हाच क्रम पाळते: आधी वापरून पाहते, मग त्याच आठवड्यात ते कोणत्या अटींवर चालतं हे शोधते. आठवडा उलटला तर ते राहूनच जातं, हा अनुभव आहे.

डेरिव्हेशन पाठ करू नका, बांधा. पुस्तकातली ओळ वाचा, पुढची ओळ कागदानं झाका, ती काय असेल ते स्वतः लिहा आणि मग कागद सरकवा. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद ठेवून पूर्ण लिहा. जिथे अडाल तिथे तुम्हाला ते कळलेलं नाही. बाकीचं पुन्हा वाचायची गरज नाही, फक्त तेवढीच जागा बघा. एक आठवड्यानं पुन्हा एकदा. तीन वेळा झालं की ते आपलं.

गणितं सोडवताना आकडे शेवटच्या ओळीपर्यंत घालू नका. हे मी सगळ्यांना सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत, कारण आकडे घातले की काम पुढे सरकल्यासारखं वाटतं. पण आकडा घातला की तपासण्याची सोय जाते. कप्पीवरून टांगलेल्या दोन वजनांचं त्वरण घ्या: वस्तुमानांची वजाबाकी भागिले बेरीज, गुणिले जी (गुरुत्वाचं त्वरण). दोन्ही सारखी केली तर शून्य, बरोबर. एक शून्य केलं तर जी, म्हणजे दुसरं वजन मोकळं पडतंय, तेही बरोबर. चुकून खाली-वर उलटं लिहिलं असतं तर सारख्या वजनांना त्वरण अनंत आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. उतारावरच्या ठोकळ्यात साइन की कोसाइन हा गोंधळही असाच सुटतो: कोन शून्य करा आणि ठोकळा हलायला हवा का ते बघा. एककं तर प्रत्येक ओळीला तपासायची. लंबकाच्या आवर्तकालात वस्तुमान येऊच शकत नाही हे नुसत्या एककांवरून कळतं, कारण लांबी आणि जी या दोघांत किलोग्रॅम कुठेच नाही, तो छाटायला काही उरतच नाही.

अडलं की किती वेळ झुंजायचं? मी ४० मिनिटं देते. तोवर आकृती काढते, सोपी केस करते, एका मितीत करून बघते. तरी सुटलं नाही तर उत्तराची एकच ओळ बघते आणि पुन्हा बंद. चुकांची वेगळी वही ठेवा. माझ्या वहीत अर्ध्याहून जास्त चुका चिन्हाच्या निघाल्या, म्हणून आता मी प्रत्येक आकृतीत धन दिशेचा बाण आधी काढते.

वेळ मिळाला तर लंबकाचा हाच प्रश्न पुढे न्या. कमाल कोन ९० अंश असेल तर दुरुस्तीचं एक पद पुरत नाही. त्यानं १५ टक्के वाढ येते, आणि खरी वाढ १८ टक्के आहे. पुढचं पद स्वतः काढून बघा आणि किती जवळ जाता येतं ते तपासा. ९० च्या वरून सोडलात तर दोरा सैल पडतो आणि नट वर्तुळातून चालत नाही, तिथे हलकी सळई घ्यावी लागते. सळई १८० अंशांच्या जितकी जवळ नेऊन सोडाल तितका आवर्तकाल वाढत जातो, आणि त्याला वरची मर्यादा नाही. ते का, याचा अर्धा हिशेब सध्या माझ्या वहीत पडून आहे. आज रात्री त्याच पानावर बसणार आहे.