रेडिएटर गळतोय? या चुका टाळा

इंदूरहून ओंकारेश्वरला निघालेली गाडी भेरूघाटात तापली, की बघायला थांबलेल्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतो, 'हळद टाका.' हळदीने बारीक भोक तात्पुरतं बुजतं, हे खरं. पण तीच हळद रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि हीटर कोअरमध्येही (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) जाऊन बसते. लीक-स्टॉपच्या, म्हणजे गळती बुजवणाऱ्या तयार द्रावणाच्या बाटलीचंही तेच. गॅरेज गाठण्यापुरतं ठीक; नंतर सिस्टीम फ्लश करायलाच, म्हणजे आतून धुऊन काढायलाच हवी.

त्याआधीची घाई म्हणजे रेडिएटरचं तापलेलं झाकण उघडणं. आतलं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण फिरवताच ते उसळून तोंडावर येतं. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा.

सगळ्यात महाग चूक मात्र वेगळीच: गळती न शोधता रेडिएटर उतरवणं. खाली थारोळं दिसलं म्हणजे रेडिएटरच फुटला असं नाही. होज (रबरी पाइप), ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच), वॉटर पंप, कुठूनही ओघळ येतो. वाळलेल्या कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या रंगीत द्रवाचा) हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका थर शोधा. थंड इंजिनवर प्रेशर टेस्टर (दाब देऊन गळती तपासायचा हातपंप) लावा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंतच पंप मारा. ०.९ लिहिलं असेल तर ०.९ बार, म्हणजे साधारण १३ पीएसआय. दहा मिनिटांत काटा उतरला, तर टॉर्च घेऊन रेडिएटरची काळी प्लॅस्टिक टाकी त्याच्या ॲल्युमिनियमच्या भागाला जोडलेली असते तो सांधा आधी बघा.

त्या टाकीच्या चिरेवर एम-सील थापू नका. गरम-थंड होताना प्लॅस्टिक हलतं आणि आतला दाब लेप उचकटतो. टाकी गॅस्केटसकट (सांध्यातल्या सीलसकट) बदला, नाहीतर अख्खा रेडिएटर. झाळ (सोल्डरिंग) लावायची ती जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला. होजचा क्लॅम्पही जीव खाऊन आवळू नका, प्लॅस्टिकची मान तडकते.

भरताना बोअरिंगचं पाणी नको, त्याचा क्षार नळ्यांत साचतो. कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडीमिक्समध्ये पाणी घालायचंच नाही. मग सिस्टीममध्ये अडकलेली हवा काढा, नाहीतर नव्या रेडिएटरनेही गाडी तापेल. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला.

एवढं करूनही पातळी उतरते, बाहेर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो? मग संशय हेड गॅस्केटवर (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर) घ्या. गाडी चालवत नेऊ नका, टो करा.