पिकअपच्या खालून आवाज येतोय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

जिथे आवाज ऐकू येतो तिथेच बिघाड आहे असं धरून चालणं, ही पिकअपमध्ये सगळ्यात महागात पडणारी चूक. लांब चासी आणि त्याखाली गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा, पोकळ नळीचा प्रोपेलर शाफ्ट, त्यामुळे मागच्या ॲक्सलची घरघर कधीकधी थेट सीटखाली ऐकू येते. म्हणून ‘आवाज कुठून येतो’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी ‘आवाज केव्हा येतो’ ते बघा.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर एक वेग धरा, समजा ताशी ६० किलोमीटर. नीट ऐका. मग एक गिअर खाली घ्या आणि वेग तोच ठेवा. इंजिनाचे फेरे वाढले तरी आवाजाचा सूर बदलला नाही, तर इंजिन आणि क्लच यांच्यावरचा संशय बहुतेक गेला. आवाज गाडीच्या वेगाशी बांधलेला आहे, म्हणजे तो शाफ्ट, डिफरन्शियल (ॲक्सलमधली, ताकद दोन्ही चाकांना वाटणारी दात्यांची पेटी), बेअरिंग किंवा टायर यांपैकी कुठून तरी येतोय. आता ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, परत हलकासा दाबा. डिफरन्शियलच्या दात्यांची शिट्टी यावर लगेच बदलते, कारण दात्यांवरचा भार एका बाजूवरून दुसरीवर जातो. टायर आणि चाकाचं बेअरिंग मात्र पायाच्या दाबाला फारसं जुमानत नाहीत. शेवटी हलकं वळण घ्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजवीकडे झुकतो. तेव्हा आवाज वाढला तर पहिला संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर घ्या.

या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. ती मी एकदा वाचवली. मागून येणारी घरघर क्राउन-पिनियनचीच, म्हणजे डिफरन्शियलच्या दोन मुख्य दातेरी चाकांचीच, असं ठरवून त्याचं हाउसिंग उघडलं. आत सगळं ठणठणीत होतं. नंतर मागचे टायर पुढे टाकले, तर आवाजही पुढे आला. टायरच्या नक्षीवर एकाआड एक उंचवटे झाले होते, हात फिरवला असता तरी कळलं असतं. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की आवाज बदलतो का, एवढं तरी त्या वेळी बघायला हवं होतं.

युनिव्हर्सल जॉइंट: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

हा शाफ्टच्या टोकांचा सांधा, शाफ्ट कोनात असला तरी त्याला फिरू देणारा. गाडी हळू सुटताना चिवचिव ऐकू आली आणि वेगाबरोबर तिचा ताल वाढला, तर जॉइंटच्या कपांमधल्या सुया, म्हणजे बारीक रोलर, कोरड्या पडल्या असण्याची शक्यता मोठी. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली की प्रश्नच मिटला. तिथे आता ग्रीस मारून काही दिवस गप्प बसवता येईल, पण गंज लागलेल्या सुया पूर्ववत होत नाहीत. जॉइंट बदला.

तपासताना बरेच जण शाफ्ट हाताने फिरवून बघतात, तो थोडा फिरतो आणि जॉइंट गेला असं ठरवून टाकतात. तो थोडा खेळ डिफरन्शियलच्या दात्यांमध्ये मुद्दाम ठेवलेला असतो. नजर जॉइंटच्या मधल्या क्रॉसवर, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यावर ठेवा. जॉइंटच्या दोन्ही बाजू उलट दिशांना पिळा आणि क्रॉस आपल्या कपात हलतो का ते बघा. तिथे हाताला जाणवेल इतकाही खेळ नको. याउलट काही जॉइंट गाडीवर घट्ट वाटतात, पण शाफ्ट उतरवून वाकवले की मधोमध खाचेत अडकल्यासारखे थांबतात. त्यात सुयांचे ठसे उमटलेले असतात, म्हणजे तेही बादच.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (बोल्टने जोडलेल्या चकतीवर) आणि सरकत्या जोडावर खुणा करा. तो सरकता जोड एक-दोन दाते चुकवून बसवला, तर दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दोन बोटांचे तुकडे) एका रेषेत राहत नाहीत आणि दुरुस्तीनंतर नवीच थरथर सुरू होते. नवा जॉइंट हातोड्याने ठोकू नका, शिकंजात धरून दाबा. कप जागेवर धरणारी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसत नसेल तर जबरदस्ती करू नका. बहुतेक वेळा एखादी सुई कपाच्या तळाशी आडवी पडलेली असते.

एक गोष्ट जिवाची आहे. शाफ्ट उतरवला की गाडी गिअरमध्ये असली तरी मागची चाकं मोकळी असतात. काही गाड्यांचा हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असतो, तोही मग चाकं धरत नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय खाली शिरू नका.

गाडी उचलून चाकं फिरवून ऐकायची असतील तर स्टँड ॲक्सलखाली लावा. चासीखाली लावलात तर ॲक्सल खाली लोंबतो, जॉइंटचा कोन वाढतो आणि रस्त्यावर नसलेला आवाज तिथे ऐकू येतो.

पिनियनचा नट

शाफ्ट डिफरन्शियलला जोडतो तिथला हा नट. सील गळतंय किंवा आवाज येतोय म्हणून तो आणखी आवळणं ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. अनेक डिफरन्शियलमध्ये आत दबणारी एक नळी असते आणि बेअरिंगवरचा ताण तीच ठरवते. नट जास्त आवळला की ती कायमची दबते, सैल करून परत फुगत नाही. मग बेअरिंग तापतं, आणि साध्या गळतीचं मोठं काम होऊन बसतं. गळतीच असेल तर आधी ॲक्सलवरचा, आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर चिखलाने बुजलाय का ते बघा.

गिअर टाकताना ‘ठक’ येत असेल तर शाफ्टबरोबर इंजिनाचे माउंट आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्टही बघा. गाडी सुटताना थरथरत असेल तर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय का ते तपासा. फोर-व्हील लावून कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना चाकं अडखळत असतील, तर पार्ट-टाइम यंत्रणेत (जिथे पुढची-मागची चाकं एकमेकांशी जखडली जातात) तो बिघाड नाही, ती वापराची चूक आहे.

आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं घसरत राहू न देणारं) असलेल्या गाडीत हळू वळताना कडकड येत असेल तर हाउसिंग उघडायची घाई नको. आधी तेल बदला, पण भरायचा बूच सुटतोय याची खात्री झाल्यावरच जुनं तेल सोडा. कंपनीने सांगितलेलं ॲडिटिव्ह घाला आणि मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना सावकाश गोल फेऱ्या मारा. त्यानेच आवाज गेला तर आतलं काहीच उघडायची गरज उरत नाही.