हास्केलमध्ये न लिहिलेला टाइप बघायचा कसा

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत टाइप, म्हणजे एखादी गोष्ट नंबर आहे की मजकूर की आणखी काही, हे लिहिलं नाही तरी कंपायलर तो स्वतः शोधून काढतो, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसल्याबसल्या होईल एवढंच काम आहे. जीएचसीआय, म्हणजे हास्केलचा कोड टाइप करून लगेच चालवून बघायचा प्रॉम्प्ट, चालू करा, कोलन टी, मग स्पेस देऊन फंक्शनचं नाव, झालं. दरवेळी विचारायचा कंटाळा येत असेल तर कोलन सेट प्लस टी करा, मग प्रत्येक उत्तराखाली टाइप आपोआप येतो, आणि हीच लाइन होम फोल्डरमधल्या डॉट जीएचसीआय फाइलमध्ये टाकली की कायमची कटकट गेली.

आता खरी गंमत. फाइलमध्ये बेरीज बरोबर कंसात प्लस एवढंच लिहिलं, आर्ग्युमेंट न देता, आणि बाकी कुठे वापरलं नाही, तर टाइप सगळ्या नंबरांचा यायला हवा ना, पण येतो नुसता इंटिजरचा, कारण मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन, म्हणजे आर्ग्युमेंट आणि टाइप न लिहिलेल्या अशा नावाला एकच ठरावीक टाइप देणारा नियम! तेच थेट प्रॉम्प्टवर लिहा, तिथे जीएचसी या कंपायलरच्या 7.8 व्हर्जनपासून हे रिस्ट्रिक्शन डिफॉल्टने बंद असतं म्हणून जनरल टाइप दिसतो. त्यामुळे फाइलमध्ये सिग्नेचर, म्हणजे टाइप सांगणारी लाइन, आपणच लिहिलेली बरी.

कंपाइल करताना डॅश डब्ल्यू-ऑल लावलं की सिग्नेचर नसलेल्या टॉप-लेव्हल फंक्शनची वॉर्निंग येते, त्यातच टाइप असतो, उचला आणि चिकटवा. ओकॅमल या दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्यांनी टाइप बघायला ओकॅमलसी डॅश आय आणि फाइलचं नाव द्यायचं.